हँक थॉम्पसनच्या 12 सीडी, आठ महिने ऐकल्यानंतर

हँक थॉम्पसन या अमेरिकन कंट्री गायकाच्या गाण्यांचा 12 सीडींचा संच मी आठ महिन्यांपूर्वी घेतला. 1946 ते 1964 या काळातली त्याची गाणी आणि सोबत एक मोठ्या आकाराचं जाडजूड पुस्तक. किंमत चांगलीच सणसणीत आहे, त्यामुळे सगळं किमान तीनदा ऐकून झाल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात तिसरी फेरी संपली.

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहते आणि आई उत्तरेला प्लेनोला भावाकडे. दर दुसऱ्या शनिवारी मी आय-35 या हायवेने वर जाते. माझ्या गाडीत सीडी प्लेयर नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्या डिस्क पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. वाटेत वेको लागतं आणि तिथे ब्राझोस नदीवरचा पूल. थॉम्पसन 1925 मध्ये याच वेकोत जन्मला आणि त्याच्या बँडचं नाव होतं ब्राझोस व्हॅली बॉइज. हा रस्ता आणि हे संगीत एकाच मातीतलं आहे, हे गाडी चालवताना जितकं जाणवतं तितकं घरी बसून जाणवलं नसतं.

थॉम्पसनच्या संगीताला वेस्टर्न स्विंग म्हणतात. ते पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. टेक्सास आणि ओक्लाहोमातलं हे 1930 च्या दशकातलं नाचाचं संगीत. गावाकडची फिडल (म्हणजे व्हायोलिनच), शहरातला जॅझ, थोडं ब्लूज आणि लोकांना फरशीवर खेचून आणणारा ठेका. बॉब विल्स हे यातलं सर्वांत मोठं नाव. त्याच्या बँडमध्ये प्रत्येक वादकाला मोकळं रान असे आणि मध्येच तो स्वतः आरोळ्या ठोकत असे. थॉम्पसन पुढच्या पिढीतला. त्याने दोन फिडल ठेवल्या, स्टील गिटार ठेवली, ठेकाही ठेवला, पण बाकीचा पसारा आवरला आणि गाण्याचे शब्द सगळ्यांत पुढे आणून ठेवले. मला हे पहिल्या फेरीत कळलंच नव्हतं. तेव्हा वाटत होतं, विल्ससारखी धमाल इथे का नाही?

ते कळलं आईमुळे. आईचं वय 74, सगळा जन्म सांगलीत गेला, इंग्रजी वाचता येतं पण ऐकलेलं चटकन समजत नाही. एकदा तिला ऑस्टिनला घेऊन येत होते, गाणी सुरूच होती. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "अगं, हा काय म्हणतोय ते मला कळतंय की!" मग मी लक्ष देऊन ऐकायला लागले. थॉम्पसन एकही अक्षर गिळत नाही. आवाज खोल आणि भारदस्त, पण घाई नाही, उगाच हुंदके नाहीत. नौदलात तो रेडिओ तंत्रज्ञ होता आणि पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगही शिकला. मायक्रोफोनसमोर कसं उभं राहायचं याची त्याची समज त्यातूनच आली असणार, असं मला ऐकताना सारखं वाटत राहतं.

स्टील गिटार मात्र आईने पहिल्या गाण्यातच ओळखली. "विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वाजायची ना, तीच ही." बरोबर आहे तिचं. मुंबईत वॅन शिपली यांनी हिंदी चित्रपटगीतं याच जातीच्या गिटारवर वाजवली होती आणि तो आवाज आमच्या घरात रोजचा होता.

आता गाण्यांकडे वळते. गीतकार म्हणून थॉम्पसन मला तिसऱ्या फेरीत खरा भेटला. 1948 मध्ये गाजलेलं 'हम्प्टी डम्प्टी हार्ट' हे त्याचं स्वतःचं गाणं, कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. बालवाडीतल्या कवितेतलं ते फुटकं अंडं उचलून त्याने तुटलेल्या मनाला लावलं. 1953 चं 'रब-ए-डब-डब' पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, तेही बडबडगीतावर उभं आहे. मन कधी हॉटेलची लॉबी होतं, कधी शाळेचा फळा. ऐकायला इतकं सोपं की आपणही लिहू शकू असं वाटतं. पण नाचता नाचता, गिऱ्हाइकांच्या गोंगाटात, एकदाच ऐकून डोक्यात बसेल अशी प्रतिमा शोधणं सोपं नाही, आणि तो ती पुन्हा पुन्हा शोधतो.

'व्होआ सेलर' दोनदा ऐका. हे गाणं त्याने 1946 मध्ये ग्लोब नावाच्या छोट्या कंपनीसाठी रेकॉर्ड केलं होतं. मग टेक्स रिटर या गायकाच्या मदतीने तो कॅपिटॉल या मोठ्या कंपनीत गेला आणि 1949 मध्ये तेच गाणं पुन्हा गाजलं. दोन्ही रेकॉर्डिंग एकामागोमाग लावली की तीन वर्षांत बँड केवढा घट्ट झाला ते कानांनाच कळतं.

सर्वांत गाजलेलं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' त्याने लिहिलेलं नाही. अर्ली कार्टर आणि विल्यम वॉरन यांचं हे गाणं 1952 मध्ये 15 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. घर सोडून दारूच्या गुत्त्यांतल्या झगमगाटाकडे गेलेल्या बाईवर एका पुरुषाने केलेला हा आरोप आहे. आईला अर्थ सांगितला तर तिने लगेच विचारलं, "मग त्या बाईचं म्हणणं काय?" हाच प्रश्न 1952 मध्येच अमेरिकेतही विचारला गेला होता. जे. डी. मिलर या गीतकाराने त्याच चालीवर उत्तर लिहिलं, किटी वेल्स या गायिकेने ते गायलं: बिघडलेल्या बायकांमागे बहुतेक वेळा एखादा पुरुषच असतो, असं त्याचं सार. एकट्या गायिकेचं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं. आपल्या तमाशातला सवाल-जवाबच हा! या संचात अर्थातच ते नाही. मी ते वेगळं घेऊन थॉम्पसनच्या गाण्याला जोडून ठेवलं आहे. तुम्हीही तसंच करा, नाहीतर ऐकलेली गोष्ट अर्धीच राहते.

मर्ल ट्रॅव्हिस हा गिटारवादक बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे. 1955 चं 'वाइल्डवूड फ्लॉवर' फक्त त्याच्या गिटारसाठी ऐकावं, त्यात गायनच नाही. दहा मिनिटं सिग्नलवर अडकले होते तेव्हा तेच लावून ठेवलं होतं.

जे आवडलं नाही तेही सांगते. गाणी काळाच्या क्रमाने आहेत, त्यामुळे 1950 च्या दशकाच्या मधल्या वर्षांत एकाच साच्यातली चार-पाच गाणी सलग येतात आणि कान थकतो. मी स्वतःची यादी करून घेतली. 1958 च्या एका गाजलेल्या गाण्याच्या नावातच मूळनिवासी स्त्रियांसाठी अपमानास्पद शब्द आहे. भाची गाडीत असते तेव्हा मी ते लावत नाही आणि एकटी असतानाही आता वगळते. दारूची गाणी भरपूर आहेत. त्यातलं 1960 चं 'अ सिक्स पॅक टू गो' उत्तमच आहे, पण एका बैठकीत अशी आठ ऐकली की पुरे होतं. पार्सलच्या खोक्याचा कोपराही चेपून आला होता. डिस्क वाचल्या, पुस्तकाची कड दुमडली.

1961 चा गोल्डन नगेटमधला अल्बम शेवटासाठी राखून ठेवा. लास व्हेगासच्या त्या कॅसिनोत प्रत्यक्ष कार्यक्रमात घेतलेलं हे रेकॉर्डिंग, कंट्रीतल्या सुरुवातीच्या लाइव्ह अल्बमांपैकी एक. स्टुडिओत जो बँड शिस्तीत बसलेला वाटतो, तो इथे मोकळा श्वास घेतो. बॉब विल्ससारखी धमाल नाही ही माझी तक्रार इथे मिटली.

1964 नंतरचं सगळं वेगळं शोधावं लागेल. तो पुढे इतर कंपन्यांकडे गेला, 2000 मध्ये 'सेव्हन डिकेड्स' हा अल्बम काढला, आणि 8 ऑक्टोबर 2007 ला शेवटचा कार्यक्रम वेकोतच केला. महिनाभरात, 6 नोव्हेंबरला तो गेला. हे मी आईला त्या ब्राझोसच्या पुलावर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मघाचं ते गिटारचं परत लाव."