स्वस्त गायगर काउंटर: कैगासाठी घेत असाल तर आधी हे वाचा

गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र. कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रावर नजर ठेवायला ते घ्यावं का, हा प्रश्न आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत बहुधा एम ४०११ किंवा जे ३०५ ही काचेची नळी असते. तिला सुमारे ४०० व्होल्ट दाब मिळतो. किरण आत टिपला गेला की एक ठोका. मिनिटाला १५-२५ ठोके, म्हणजे तासाला ०.१ ते ०.१६ मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक), हे नेहमीचं, निसर्गातलं.

एका मिनिटाच्या आकड्यावर विसंबू नका. २० ठोक्यांत चार-पाचांचा फरक आपोआपच पडतो. दहा मिनिटं मोजलं तर चूक सातेक टक्क्यांवर येते. यंत्र चालतं का, हे बघायला उसाला घालायच्या पोटॅशचं पोतं पुरे. नळीची बाजू पोत्याला टेकवून ठेवा. त्यातल्या किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० मुळे ठोके वाढलेच पाहिजेत. नाही वाढले तर यंत्र परत पाठवा.

पावसाळ्यात फसगत होते. खानापूरकडच्या दमट हवेत सर्किटला ओल धरली की ४०० व्होल्ट इकडेतिकडे झिरपतात आणि खोटे ठोके येतात. शिवाय जोराची सर आली की आकडा खरोखरच चढतो: हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून बनलेले कण पाण्याबरोबर खाली येतात. दोन-तीन तासांत तो उतरतो. त्याचा कैगाशी काही संबंध नाही.

खरी अडचण पुढेच आहे. कैगाच्या चारही अणुभट्ट्या जड पाण्याच्या (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी वापरणाऱ्या), प्रत्येकी २२० मेगावॅट. अशा भट्टीत रोज जपायचं असतं ते ट्रिटियमपासून, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपापासून, आणि त्याचा बीटा किरण इतका दुबळा की नळीची काचही ओलांडत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं गेलं. ते उघड झालं कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या तपासणीतून. हे यंत्र कूलरवर ठेवलं असतं तरी गप्पच राहिलं असतं. पाण्यातलं ट्रिटियम मोजायला लिक्विड सिंटिलेशन काउंटर हे प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. मोठा अपघात होऊन आयोडीन-१३१, सीझियम-१३७ असे किरणोत्सर्गी पदार्थ इथवर आले, तर मात्र हे यंत्र नक्की बोलेल.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी जरूर घ्या, कैगावर पाळत ठेवायला नको. तिथल्या पहिल्या भट्टीने २०१६ ते २०१८ सलग ९६२ दिवस वीज दिली, तेव्हाचा जागतिक विक्रम, तोही धुराशिवाय. ही वीज आपल्याला हवीच आहे. म्हणूनच काळी नदीतल्या ट्रिटियमचे आकडे दर महिन्याला, कन्नडबरोबर मराठीतही, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. यंत्राच्या पैशांपेक्षा त्या मागणीचा अर्ज जास्त कामाचा.