कंपनीची बस, सिटीलिंकचा पास की कारपूल? अंबड-सातपूरच्या कंपन्यांनी काय निवडावं

सकाळी पावणेसातला नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एक्स्लो पॉइंटवर उभं राहून बघा. फर्स्ट शिफ्टची गर्दी असते आणि जवळजवळ प्रत्येक गाडीवर एकच माणूस. आपल्याकडे ‘एकट्याने कामावर येणं’ हा कारपेक्षा बाईकचा प्रश्न जास्त आहे. जानेवारीत कानटोपीवर हेल्मेट चढवून नाशिकरोडहून येणाऱ्या माणसाला बाईकची हौस नसते. घरी परत कसं जायचं याची त्याला खात्री हवी असते. म्हणून कंपनीने कुठलीही योजना आणताना पहिला विचार परतीचा करावा, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या कंपनीत आधी बसच होती. शिफ्टला जुळणारी वेळ, निमाणी, द्वारका, पाथर्डी फाट्याला थांबे, सगळं व्यवस्थित. एका संध्याकाळी डिस्पॅच अडकला आणि सहा जणांना साडेसातपर्यंत थांबवलं. बस साडेतीनलाच गेलेली. नाशिकरोडचा एक फिटर रिकामा डबा हातात धरून गेटवर रिक्षाची वाट बघत होता. दुसऱ्या दिवशी तो बाईकवर आला आणि पुन्हा कधी बसमध्ये बसला नाही. चूक आमची होती. त्यानंतर आम्ही नियम केला: सुपरवायझरने ओव्हरटाइमच्या स्लिपवर सही केली की त्याच सहीवर घरपोच गाडी. एचआरला फोन नाही, विनवण्या नाहीत. हळूहळू बस पुन्हा भरायला लागली.

बसचा खर्च मात्र ठरलेला असतो. निम्म्या सीट रिकाम्या गेल्या तरी भाडं पूर्णच द्यावं लागतं. पण कामगाराच्या बाजूने बघा: घर ते कंपनी या प्रवासासाठी कंपनीने दिलेल्या वाहनावर त्याला आयकर लागत नाही. उलट पगारात रोख कन्व्हेयन्स, म्हणजे प्रवासभत्ता दिला, तर 2018-19 पासून तो सर्वसाधारणपणे करपात्रच आहे.

सिटीलिंकचा पास देणं छोट्या कंपनीला परवडतं, कारण खर्च माणशी होतो. नाशिक महापालिकेची ही शहर बससेवा 8 जुलै 2021 ला सुरू झाली. जनरल शिफ्टच्या आणि ऑफिसच्या लोकांना ती चांगली उपयोगी पडते. पण निर्णय घेण्याआधी स्टॉपपासून तुमच्या गेटपर्यंत एकदा स्वतः चालत जा, तेही अंधार पडल्यावर. आतल्या रस्त्यावर दिवे नसतील, कुत्री मागे लागत असतील, तर पास खिशातच राहणार. रात्री बाराला सुटणाऱ्या सेकंड शिफ्टला शहर बसच्या भरवशावर ठेवू नका.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणाऱ्या ऑफिसांना तर हा पर्याय रात्री पुरतच नाही. राज्याच्या 2017 च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांकडून काम घ्यायचं असेल, तर त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोयही करावी लागते.

कारपूल, म्हणजे एकाच्या गाडीतून तिघा-चौघांनी मिळून येणं, शोभतो तो सिन्नर, गोंद्याकडे जाणाऱ्या स्टाफला. पंचवीस-तीस किलोमीटर, ठरलेली वेळ, इंदिरानगरमधून निघणारे चौघे. शिफ्ट बदलत राहणाऱ्यांची जोडी मात्र आठवड्यातच मोडते. एक काळजी घ्या: पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी सर्वसाधारणपणे भाडं घेऊन चालवता येत नाही, त्यासाठी परमिट लागतं आणि खासगी गाडीचा विमाही सहसा अशा वापराला लागू होत नाही. म्हणून पैसे गोळा करायची पद्धत कंपनीने स्वतः घालून देऊ नये. तिघे-चौघे मिळून येणाऱ्या गाडीला गेटजवळची, शेडखालची जागा राखून द्या. उन्हाळ्यात त्या सावलीची किंमत फार असते.

सायकल सिडको, अशोकनगरसारख्या जवळच्या लोकांसाठी ठीक. त्यांना शेड आणि हातपाय धुवायला जागा द्या.

तीन शिफ्ट आणि शंभरावर माणसं असतील तर मी बसच घेईन. तीस-चाळीस जणांचं वर्कशॉप असेल तर पास आणि उशिरासाठी गाडी. पार्किंगची शेड वाढवायचा विचार असेल तर आधी थांबा. कॅलिफोर्नियात 1992 च्या कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना, भाड्याने घेतलेली पार्किंगची जागा न वापरणाऱ्या कामगाराला तिचे पैसे देणं भाग पाडलं. शेडचे पैसे तसेच वळवता येतात का, याचा हिशेब मांडून बघा.

आणि कोटेशन मागवण्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमच्या स्लिपा काढा. कोण किती वाजता सुटलं आणि राहतं कुठे, एवढं वहीत लिहा. बसवाल्याशी बोलायला बसाल तेव्हा ती वही समोर ठेवा.