बक्षीसपत्राचे काम : तालुक्याच्या एका अर्जनवीसांकडील अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातले राहते घर आईने बक्षीसपत्राने, म्हणजे मोबदला न घेता देण्याच्या दस्ताने, धाकट्या भावाच्या नावावर करून द्यायचे ठरवले, तेव्हा दस्त तयार करण्यापासून नोंदणीपर्यंतचे काम आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयासमोर बसून अर्ज व दस्त लिहून देणाऱ्या एका अर्जनवीसांकडे सोपवले. त्यांच्या कामाविषयी माझे मत चांगले आहे, पण सरसकट चांगले नाही.

घर मुळात कोणाचे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. ते वडिलांच्या नावे असते आणि मृत्युपत्र नसते, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आईबरोबर आम्हा सर्व भावंडांचा, अर्थात बहिणीचाही, सारखा हिस्सा लागला असता आणि आधी हक्कसोडपत्राची, म्हणजे बाकीच्यांनी आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताची, वाट धरावी लागली असती. हे घर आईने स्वतःच्या नावे खरेदीखताने घेतलेले असल्यामुळे थेट बक्षीसपत्र करता आले.

खर्चाबाबत ते स्पष्ट होते. 'चारशे रुपयांत घर नावावर होते' असे गावात सर्रास बोलले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. आईने मुलाला राहते घर देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आणि नोंदणी फी 200 रुपये लागते हे बरोबर, परंतु ग्रामीण भागात बाजारमूल्याच्या 1 टक्का जिल्हा परिषदेचा अधिभार निराळा भरावा लागतो आणि दस्ताच्या पानांमागे हाताळणी शुल्कही असते. हेच घर भावाने भावाला दिले असते तर मुद्रांक बाजारमूल्याच्या 3 टक्के झाला असता. हा सगळा हिशेब त्यांनी चलन काढण्यापूर्वी कागदावर मांडून दिला. स्वतःच्या मेहनतान्याची पावती मात्र मागूनही मिळाली नाही.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मसुदा लिहितानाची त्यांची पद्धत. आम्हा भावांना बाहेर चहाला पाठवून त्यांनी आईला एकटीलाच विचारले, "माय, घर लेकाच्या नावावर गेल्यावर तुम्ही कुठी राहसान?" आईने हे नंतर आम्हाला सांगितले. त्यानंतर दस्तात आईला हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क राहील आणि भावाने तिचा सांभाळ करावा, अशी अट आली. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 प्रमाणे अशा अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. भाऊ क्षणभर हिरमुसला, पण त्याने सही केली. छापील नमुन्यात नावे भरून देणाऱ्यांकडे ही अट अनेकदा नसतेच.

चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे ते, त्यांनी जुन्या खरेदीखतावरून उतरवून न घेता भावाला फोटो काढून आणायला लावले, कारण दक्षिणेकडची पडीक जागा आता दुसऱ्याची झाली असून तिथे गोठा उभा आहे. नोंदणीच्या दिवशी दोन साक्षीदार वेळेवर हजर होते. आयुष्यभर कापूस वेचून आईच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे यंत्रावर अंगठा उमटेना. तेव्हा त्यांच्या मदतनिसाने ओल्या फडक्याने बोट पुसून, अंगठा हलकेच दाबून तो घेववला. दुपारपर्यंत सूची क्रमांक 2 ची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत हातात पडली.

उणीव आहे ती यानंतरच्या टप्प्यात. नोंदणी झाली म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरचे (घरपट्टी आकारणीच्या यादीतले) नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी दस्ताची प्रत आणि घरपट्टी भरल्याची पावती जोडून अर्ज द्यावा लागतो आणि मासिक सभेत तो मंजूर व्हावा लागतो. शिवाय स्वामित्व योजनेत ज्या गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, तिथे भूमी अभिलेख कार्यालयातही फेरफार, म्हणजे नावातील बदलाची नोंद, करून घ्यावा लागतो. यातले काहीच त्यांनी आपणहून सांगितले नाही आणि विचारल्यावर 'ते आमच्याकडे येत नाही' असे उत्तर मिळाले. दस्ताच्या मसुद्यासाठी मी त्यांच्याकडे जाण्याचा सल्ला अवश्य देईन. फेरफाराचा अर्ज मात्र ग्रामपंचायतीत स्वतः द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.