आडवाटेला ऑफलाइन नकाशे: ओएसएमअँड, टोपोशीट आणि गावनकाशा बरेच महिने वापरल्यावर

डॅशबोर्डवर ओएसएमअँड हे ऑफलाइन नकाशाचं अ‍ॅप लावून बरेच महिने झाले. थंडीत जुन्नरच्या पश्चिमेचा पट्टा, मार्चमध्ये कोकणातले सडे, मे महिन्यात कोयनेच्या पलीकडचं कांदाटी खोरं आणि जूनअखेर स्पिती. एवढं झाल्यावर माझे पाचातले चार तारे. पैसे वसूल. पण नुसत्या या अ‍ॅपच्या भरवशावर कच्च्या वाटेला गाडी घालायचा विचार असेल, तर आधी पुढचं वाचा.

गाडी जिम्नी. ४० लिटरची टाकी, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स आणि गरज पडली तर लो रेंज, म्हणजे सावकाश पण जास्त ओढ देणारा गिअर. फोन मधल्या किमतीचा अँड्रॉइड, जोडीला घरात पडून असलेला एक जुना टॅब. छतावर तंबू नाही, फ्रिज नाही. ओव्हरलँडिंग, म्हणजे गाडीतून मुक्काम करत आडवाटेनं भटकणं, म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे आधी छतावरचा तंबू येतो, कुणाच्या डोळ्यांपुढे लडाखमधल्या उमलिंग ला खिंडीत १९,०२४ फूट लिहिलेल्या पाटीपाशी काढलेला फोटो. ज्याची त्याची हौस. माझ्या लेखी गाडी हे मुक्कामाचं आणि सामानाचं साधन. पक्का रस्ता संपतो तिथून पुढे सावकाश जायचं, जिथे पोचू तिथे एक-दोन दिवस राहायचं, आणि शक्यतो आलो त्या वाटेनं परतायचं नाही. त्यामुळे मला नकाशा लागतो तो ठिकाण गाठून देणारा नाही, तर मधली वाट कशी आहे ते सांगणारा.

फोनमधलं नेहमीचं नकाशा अ‍ॅप डांबरी रस्त्यावर मी आजही वापरतो. ट्रॅफिक, पेट्रोल पंप, हॉटेल यांत त्याला तोड नाही. पण त्याला बहुतेक रस्ता म्हणजे रस्ता, डांबर काय आणि मुरूम काय. ओएसएमअँड चालतं ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. भरणाऱ्यानं मनावर घेतलं असेल तर कच्च्या वाटेचीही प्रतवारी त्यात असते: ग्रेड एक म्हणजे पक्की, दाबलेली वाट, ग्रेड पाच म्हणजे मातीतली नुसती चाकोरी. सेटिंगमध्ये जाऊन रस्त्याचा पृष्ठभाग रंगानं दिसेल असं केलं की नकाशाचा नूरच पालटतो. महाराष्ट्राचा अख्खा नकाशा एकदाच उतरवायचा, मग फोन विमान मोडवर असला तरी चालतं. फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, आणि कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), डोंगरांची छटा यांना पैसे पडतात. ते पैसे मोजा. कंटूरशिवाय सह्याद्रीत हे अ‍ॅप निम्मंही उपयोगाचं नाही.

कंटूरचं जरा नीट सांगतो, कारण खरा फायदा तिथेच आहे. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक धरला, तर वाटेच्या एका किलोमीटरात पाच रेषा ओलांडल्या म्हणजे १०० मीटर चढ, म्हणजे दहा टक्के. आपले एसटी चालणारे घाट सहसा याहून सौम्य असतात. दहा रेषा ओलांडल्या की वीस टक्के. सुटी खडी आणि मुरूम असेल तर तिथे लो रेंज लागणारच, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर गाडी वळवायला जागा आहे का ते आधी बघावं लागणार. पंधराच्या पुढे रेषा दिसल्या तर ती वाट बैलांची नाहीतर माणसांची आहे, मग नकाशावर ती कितीही ठळक असो. जुन्नरच्या पश्चिमेला मी संध्याकाळी मुक्कामावर बसून दुसऱ्या दिवशीच्या वाटेच्या रेषा मोजायचो. डोळ्यांना सवय झाली की मोजावं लागत नाही, रेषांची दाटी बघूनच पोटात कळतं.

मात्र या रेषांवर कड्याच्या काठाशी विसंबू नका. असे डिजिटल कंटूर मुख्यतः फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकन स्पेस शटलनं रडारनं घेतलेल्या उंचीच्या मोजणीवरून बनतात, आणि त्यातला एक चौकोन जमिनीवर साधारण ३० मीटरचा असतो. वीस-पंचवीस मीटरचा सरळसोट कातळ त्या चौकोनात विरघळून जातो आणि नकाशात नुसता तीव्र उतार दिसतो. गाडीवाल्याला याचा फारसा त्रास नाही, पण गाडी लावून 'जरा पलीकडे बघून येतो' म्हणून अंधारात निघणाऱ्याला आहे.

म्हणून सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा तपशीलवार नकाशा. १ : ५०,००० ची ओपन सिरीज शीट विभागाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफमध्ये मिळतात. ए-थ्री कागदावर छापून घ्यायची. कातळकडे त्यात हातानं काढल्यासारखे दाखवलेले असतात, आणि गाडीवाट, लमाणी जनावरांची वाट आणि पायवाट यांना वेगवेगळ्या खुणा असतात. शीटच्या समासात सर्वेक्षणाचं साल दिलेलं असतं, ते आधी वाचायचं. रस्ता नवा झाला असेल तर तो शीटवर नसेल, पण खिंड, ओढा आणि कडा कुठे जात नाहीत. फार जुनी शीट स्कॅन करून अ‍ॅपवर बसवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: ती एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या पायावर) आहेत, तुमचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या पायावर. तसंच डकवलं तर सगळ्या खुणा सरकलेल्या दिसतात आणि आपण ओढ्याच्या पलीकडे आहोत असं वाटत राहतं.

तिसरा नकाशा मला या सगळ्यांत आवडला, आणि गाड्यांच्या गप्पांत त्याचं नावही कुणी काढत नाही. महाभूनकाशा. महसूल खात्याचा गावनकाशा, गट नंबरासकट. मुळात जमिनीच्या वादांसाठी, पण आपल्यासारख्याला तो सांगतो की ही वाट गावाची आहे की कुणाच्या रानातली. गावोगावचे ग्रामीण रस्ते आणि गाडीमार्ग गावनकाशात तुटक दुहेरी रेषेनं, पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात आणि जिम्नी साडेपाच फुटांच्या आत बसते. तरी कुणी तसला उद्योग करू नये. माझा नियम असा झालाय: अ‍ॅपवर कच्ची वाट दिसली, पण गावनकाशात तिथे रस्ता नाही, तर ती कुणाची तरी खासगी वहिवाट समजायची आणि विचारल्याशिवाय आत जायचं नाही. उपग्रहाच्या चित्रावर बांधाकडेची ट्रॅक्टरची चाकोरी आणि पाणंद यांत फरक दिसत नाही. रेष ओढणारा दूर कुठेतरी खुर्चीत बसलेला असतो.

आता कांदाटी. खेडहून खोपीमार्गे रघुवीर घाट चढून शिंदीत उतरलो की पुढे शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाकाठानं वस्त्या आहेत. मे अखेरीस पाणी खूप खाली गेलेलं. नकाशात मात्र जलाशय बारा महिने एकाच पातळीवर निळा. पाणी उतरलं की काठाची गाळपेर जमीन उघडी पडते, तिच्यात लोक पिकं घेतात, जुन्या वाटा पुन्हा वर येतात आणि ट्रॅक्टरही त्यांच्यावरून जातात. अशाच एका फाट्यावर चाकांचे ताजे ठसे खाली उतरलेले दिसले. त्या बाजूनं वळसा निम्मा होत होता. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक आजी वर येत होती. मी काही विचारायच्या आत तिनंच हटकलं, "खाली कुठं निघालायसा? तिकडं गाळ हाय. वरनं वाळल्यागत दिसतंय, खाली लोणी हाय नुसतं. परवा ट्रॅक्टर बसला हुता, दोन बैलजोड्या लावल्या तवा निघाला." मग भारा न उतरवताच मागे बोट करून म्हणाली, "देवळापासनं वरच्या अंगानं जा. लांब पडतंय, पर गाडी जाती."

वरच्या अंगाची ती वाट अ‍ॅपवर नव्हतीच. टोपोशीटवर पायवाट होती. प्रत्यक्षात मुरूम टाकलेला चांगला रस्ता निघाला, बहुधा अलीकडचा. ट्रॅक रेकॉर्डिंग चालू होतं, त्यामुळे घरी आल्यावर जीपीएक्स फाइलवरून (गाडी गेलेल्या वाटेची नोंद) ती वाट नकाशात भरली. हे काम सोपं आहे आणि प्रत्येकानं करावं. फाट्यावरची खालची वाट मी खोडली नाही, तिच्यावर फक्त हंगामी अशी नोंद टाकली.

परदेशातल्या ओव्हरलँडिंगचे व्हिडिओ बघून जे चित्र तयार होतं, ते इथे लागू पडत नाही, हे मला याच खोऱ्यात नीट कळलं. ऑस्ट्रेलियात कॅनिंग स्टॉक रूट म्हणून सुमारे १,८५० किलोमीटरची वाट आहे, तिथे इंधनाची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. अमेरिकेत भूव्यवस्थापन खात्याच्या मोकळ्या जमिनीवर साधारणपणे चौदा दिवसांपर्यंत तंबू ठोकून राहता येतं, आसपास चिटपाखरू नसतं. आपल्याकडे असं निर्जन रान जवळजवळ नाहीच. नकाशावर कितीही एकाकी दिसणारी रेष असू दे, तिच्या टोकाला धनगरवाडा असतो, नाहीतर चार घरांची वाडी, नाहीतर वनखात्याचं गेट. आपण ज्याला बॅककंट्री म्हणून जातो ते कुणाचं तरी अंगण असतं. म्हणून इथे नकाशा वाचणं म्हणजे निम्मं काम, उरलेलं निम्मं काच खाली करून बोलणं. गाडीतल्या मित्राला हे पटत नाही. त्याला वाटतं मी उगाच गप्पा मारत वेळ घालवतो. पण गेल्या महिन्यांत गाडी सर्वांत कमी वेळा अडली ती ज्या दिवशी जास्त गप्पा मारल्या त्या दिवशी.

परवानगी नकाशात नसते, हेही त्यातच आलं. कोयना अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वाट दिसतेय म्हणून गाडी नेता येत नाही. कास पठारावर तंबू टाकायचं तर डोक्यातही आणू नका. वनरक्षकाशी आधी बोललं की बहुतेक वेळा तो स्वतःच मुक्कामाची दुसरी जागा सुचवतो.

स्पितीत अडचण वेगळी. तिथे चुकायला दुसरा रस्ताच नाही. ग्रांफूहून छतरू, बातल, मग कुंझुम (४,५५१ मीटर) आणि पलीकडे लोसर. ग्रांफू ते बातल हे सुमारे ५० किलोमीटर कुठलंही अ‍ॅप भलत्याच आशेनं मोजतं. दगडगोट्यांतून ताशी दहा-बाराच्या वर गाडी जात नाही. आणि खरा प्रश्न नाल्यांचा. ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं, दुपारी नाल्यांना पाणी चढतं. सकाळी पोटरीएवढा असलेला नाला चारच्या सुमाराला बंपरवरून जातो. नकाशात नाला ओलांडायची जागा आहे, वेळ नाही. तिथले ड्रायव्हर पहाटे निघतात, तसंच आपणही निघावं. इथे मी अ‍ॅपचा उपयोग केला तो एवढ्यासाठीच: पुढचा नाला किती किलोमीटरवर आहे, आणि त्याच्या आधी गाडी बाजूला घ्यायला सपाट जागा आहे का. त्यात अ‍ॅप चोख होतं. चंद्रताल सरोवराच्या काठावर तंबू लावायला मनाई आहे, तंबू थोडे दूर लागतात. ती रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा आहे, आणि बंदी योग्यच आहे.

परदेशी सामान-परीक्षणांत दर वेळी सांगतात, तो उपग्रहावरून निरोप पाठवणारा यंत्राचा डबा आपल्याकडे घेऊ नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं दुतर्फी यंत्र बाळगता येत नाही, त्यावरून विमानतळावर पर्यटक अडकलेही आहेत. मी घरी वाटेची जीपीएक्स फाइल आणि 'या गावातून या वेळेपर्यंत फोन येईल' एवढं लिहून ठेवतो. पुढे कधी लडाखला जाणार असाल तर पोस्टपेड सिम घ्या, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. ऑनलाइन मागवलेल्या एका सक्शनवाल्या माऊंटनं रघुवीर घाटातच मान टाकली, आता पितळी स्क्रूवाला डॅशबोर्डला कायमचा ठोकलाय. एप्रिल-मेमध्ये काचेमागे फोन तापून स्क्रीन मंद होतो, म्हणून तो एसीच्या झोताला लावायचा. एल-वन आणि एल-फाइव्ह या उपग्रह-संकेतांच्या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा जीपीएस असलेला फोन दरीत जास्त स्थिर राहतो, साध्या फोनवर कड्याखाली आपला बाण इकडेतिकडे उड्या मारतो. जुना टॅब नकाशा मोठा दिसायला उत्तम, पण त्याला सतत चार्जिंग लागतं.

एक तारा का कापला? मेनू. पर्याय इतके आहेत की पहिला आठवडा सेटिंगमध्येच जातो. गाडी चालवताना बोटं नाचवायची गरज पडू नये म्हणून मी दोन प्रोफाइल घरीच करून ठेवली: एक डांबराचं, दुसरं कच्च्याचं, कंटूर आणि पृष्ठभागासकट. ज्यांना एवढं नको त्यांनी ऑरगॅनिक मॅप्स घ्यावं. फुकट, हलकं, त्याच ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं. फक्त हमरस्त्यावरून महाबळेश्वर-गोवा करणाऱ्याला दोन्हींची गरज नाही.

आणि निघायच्या आदल्या रात्री, वायफाय असताना, शेजारच्या राज्याचा नकाशाही उतरवून ठेवा. दोडामार्गाच्या पुढे गोवा, चंदगडच्या पुढे कर्नाटक, आणि नकाशे राज्यवार आहेत. हद्द ओलांडली की पुढचा पडदा कोरा.