चार हजार लिटरचे लेबल आणि वीस लिटरची बादली

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी फोंड्यातील घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडले. टाकी चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच आहे. खडक आणि वाळूने व्यापलेली जागा सोडली तर तिच्यात साधारण २०० लिटर पाणी राहते. ओळखीतून आलेल्या एका विक्रेत्याने सर्व सामान आणून जोडणीही करून दिली. त्याच्याकडून घेतलेल्या रिटर्न पंपावर, म्हणजे खाली ठेवलेल्या संप टाकीतले पाणी वर मुख्य टाकीत परत चढवणाऱ्या पंपावर, तासाला ४००० लिटर असे छापलेले होते. वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच पाणी ढवळत ठेवणारा छोटा पंप, हवा का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाब, तासाला वीस फेरे होतात, आणखी पैसे कशाला घालता?" टाकीत केवळ मासे असतील तर टाकीतल्या पाण्याच्या दहा ते वीस पट प्रवाह तासाला पुरतो, असे मीही वाचले होते; त्यामुळे त्याचा हिशेब मला पटला आणि साडेसहा हजार रुपये रोख देऊन मी मोकळा झालो. पावती त्याने दिली नाही आणि मीही मागितली नाही. पुढे त्याने समुद्रातून जिवंत प्रवाळ काढून आणून देण्याची तयारी दाखवली. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत हे माहीत असल्याने मी नकार दिला, पण असे बोलणाऱ्या माणसाची पारख मला त्याच क्षणी व्हायला हवी होती.

तीन आठवड्यांत पाण्यावर तेलकट साय धरू लागली. खडकांच्या मागे माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य साचून वाळूवर लालसर, बुळबुळीत थर पसरला आणि पहाटे दिवे लावले की क्लाउनफिशची जोडी पृष्ठभागाजवळ धापा टाकताना दिसे. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू विरघळतो, त्यामुळे पृष्ठभाग सतत हलता राहिला नाही तर रात्रीतून प्राणवायू फार घटतो. मानशीजवळ, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, पाणी मंदावले की गाळ बसतो, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला घरातल्या टाकीत तेच घडत असल्याचे उमजू नये, याची आजही लाज वाटते. विक्रेत्याने मात्र दोष पाण्यातील जिवाणूंवर ढकलला आणि प्रत्येकी १८०० रुपयांच्या दोन औषधी बाटल्या माझ्या गळ्यात मारल्या. थर दोनदा गेला आणि दोनदा परत आला.

शेवटी एका रविवारी मी पंपाची नळी टाकीतून काढून तेवढ्याच उंचीवर वीस लिटरच्या बादलीत धरली. बादली भरायला ८० सेकंद लागले. म्हणजे तासाला ९०० लिटर, जेमतेम साडेचार फेरे. फोनवर विक्रेता शांतपणे म्हणाला की पाणी उंच चढवताना प्रत्येकच पंपाचा प्रवाह घटतो. हे अर्धसत्य मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यातला अर्धा भाग खराच असतो: पेटीवरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाचा असतो आणि खालच्या संप टाकीतून सव्वा-दीड मीटर उंची, दोन-तीन कोपरे व अरुंद नळी गाठेपर्यंत चांगल्या पंपाचाही प्रवाह पुष्कळ कमी होतो. म्हणून मी पंप मोठ्या टबमध्ये बुडवला, छोटी नळी लावली आणि पाणी वर न चढवता त्याच पातळीवर टबशेजारच्या बादलीत सोडले. तरीही बादलीला ४५ सेकंद लागले. तासाला १६०० लिटर! याचा दोष उंचीवर ढकलता येणे शक्य नव्हते. पंपावर ८५ वॅट छापले होते. वीज मोजणाऱ्या प्लगने २८ वॅट दाखवले. संशयाने कोमट पाण्यात भिजवून लेबल सोलले, तर त्याखाली दुसरे लेबल निघाले, तासाला १८०० लिटरचे.

दोन्ही लेबलांची छायाचित्रे पाठवल्यावर बोलणी बदलली. "माल वरूनच तसा आला," असे म्हणत त्याने दोन हजार रुपये परत केले आणि नंतर फोन घेणे बंद केले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा असे मनात होते, परंतु रोखीचा व्यवहार, पावती नाही आणि पेटी तर मी कधीच भंगारात दिलेली, म्हणून पाऊल मागे घेतले.

नवा पंप घेताना मी दुकानातच टब आणि बादली मागितली. दुकानदाराने तोंड वाकडे केले, पण वीस लिटरला २४ सेकंद लागले आणि पेटीवरचा ३००० चा आकडा तंतोतंत जुळला. शिवाय समोरासमोरच्या काचांवर दोन लहान वेव्हमेकर आळीपाळीने चालतील असे बसवले. एकाच दिशेने वाहणारे पाणी खडकाच्या पाठीमागचा कोपरा कधीच धूत नाही. साय चार दिवसांत गेली, लाल थराला मात्र साचलेली घाण नळीने शोषून काढत दीड महिना लागला. क्लाउनफिश आता पहाटे खडकाच्या आडोशाला असतात.