कॅम्परचं अ‍ॅव्हरेज वाढवायचंय: रिमॅप, ट्यूनिंग बॉक्स की नुसता वेग?

ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेला आमचा कॅम्पर, म्हणजे आतच राहता-झोपता येईल अशी गाडी, आंबा घाटात दमायला लागला, तेव्हा दोन-तीन ट्यूनरकडे चौकशी केली. सगळ्यांचं उत्तर एकच, "पिकअपही वाढेल, अ‍ॅव्हरेजही." पिकअपचं पटलं. अ‍ॅव्हरेजचा हिशोब मात्र घरी बसून मांडला.

रिमॅपमध्ये डिझेल किती आणि कधी मारायचं, टर्बोचा दाब किती ठेवायचा, ही ईसीयूतली (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधली) गणितं बदलतात. कमी आरपीएमला टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, मिळतो, चढावर सारखा गिअर पाडावा लागत नाही, तिथे थोडं डिझेल वाचतं. आता वर्षाला ८,००० किलोमीटर फिरणं आणि १० चं अ‍ॅव्हरेज धरा, म्हणजे ८०० लिटर. रिमॅपने १०.५ मिळालं तरी वाचणार ३८ लिटर. मला खर्च सांगितला होता २५ हजार. डिझेल ९० रुपये धरलं तरी तो फिटायला सात वर्षं लागतात! शिवाय वॉरंटीचा प्रश्न आहेच, आणि वाढलेला टॉर्क क्लचलाच सोसायचा असतो. कॅम्पर तर कायम भरलेलाच.

ट्यूनिंग बॉक्स (सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये जोडायची डबी) स्वस्त पडतो, काढूनही ठेवता येतो. पण तो रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) कमी असल्याचं ईसीयूला भासवून जास्त डिझेल मारायला लावतो. बीएस-६ गाडीत त्याची काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जाऊन बसते. हा पर्याय मी सरळ बाद केला.

वेग कमी करायला पैसा लागत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; ८० चे १०० केलेत की तो ५६ टक्क्यांनी वाढला. कॅम्पर म्हणजे चालतं कपाट, त्यात टपावर एसी, सोलर पॅनल, बाजूला ऑनिंग (उघडून पसरायचं छत). पाण्याची १०० लिटरची टाकी घरूनच भरून निघालात, तर घाटभर १०० किलो जादा ओढताय. मुक्कामाजवळ भरा. आणि एकदा सगळ्या सामानासकट, माणसांसकट गाडी वजनकाट्यावर घाला, टायरची हवा त्या वजनाप्रमाणे ठेवा.

गाडी निरोगी असून नेहमी घाटातच फिरणार असाल, तर चढावरच्या ताकदीसाठी रिमॅप जरूर करा. मात्र आधी विमा कंपनीशी बोला. नुसत्या अ‍ॅव्हरेजसाठी करू नका.

आमच्या गाडीचं दुखणं शेवटी टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाला) जाणाऱ्या पाइपात निघालं. क्लिपखाली तेलकट काळा डाग होता, बोट फिरवलं तर चीर लागली; टर्बोचा दाब तिथूनच गळत होता. पाइप बदलला आणि त्याच घाटात गाडी तिसऱ्यावर चढली.