मालवणातला इंग्रजीचा क्लास: दहावीच्या पोरांना पाठवावा का, आमचा अनुभव

मे महिना आला की दहावीच्या इंग्रजीला पोरांना कुठे घालू असे मेसेज सुरू होतात, म्हणून एकदाच नीट लिहिते. आमची मुलगी मराठी मिडीयमची, भरड नाक्याजवळ एका मॅडमच्या घरी पडवीत क्लास भरतो तिथे जाते. बोर्ड नाही जाहिरात नाही, आणि जागा थोड्या म्हणून नाव कुठे टाकू नका असं मॅडमनीच सांगितलंय, त्यामुळे नाव लिहीत नाही.

आधी ती दुसऱ्या एका क्लासला होती. तिथे चेंज द व्हॉइस, ॲड अ क्वेश्चन टॅग, डू ॲज डायरेक्टेड अशी सुट्टी सुट्टी वाक्यं, नियम पाठ करायचा, गाळलेली जागा भरायची, पान उलटायचं. टेस्टला मार्क मस्त पडायचे. पण आमचं घरगुती निवास-न्याहारीचं काम आहे, हल्ली बेंगलोर-हैदराबादची बरीच माणसं येतात ज्यांना मराठी अजिबात येत नाही, आणि किल्ल्याची बोट किती वाजता सुटते एवढं त्यांना सांग म्हटलं की ही गप्प. मार्क आणि बोलणं ह्यात एवढी दरी कशी काय, हेच मला कळत नव्हतं.

इथे मॅडम ग्रामर सुट्टं शिकवतच नाहीत. दर आठवड्याला एक शीट, त्यावर दहा-बारा ओळींचा उतारा, आणि उतारा कशावर तर जेटीवर, रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढून करतात ती मासेमारी), नारळी पौर्णिमेवर, एसटी स्टँडवर, म्हणजे पोरांनी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टींवर. पहिल्या महिन्यातली एक शीट माझ्याकडे अजून आहे. त्यात एक वाक्य असं होतं: ‘द बोट युज्वली ____ द जेटी ॲट नाईन, बट इट ____ यट बिकॉज द सी इज रफ.’ दोन्ही जागी क्रियापद एकच, लीव्ह. पहिल्या जागी ‘लीव्ज’ कारण युज्वली आहे, रोजचं आहे, आणि दुसऱ्या जागी ‘हॅजन्ट लेफ्ट’ कारण यट आहे, बोट अजून जेटीलाच आहे. आता हे सिम्पल प्रेझेंट आणि प्रेझेंट परफेक्टचे नियम पोरीला आधीपासून पाठ होते हो, पण दोन्ही एकाच वाक्यात शेजारी शेजारी आल्यावर कुठला का घ्यायचा हे तिला पहिल्यांदा ठरवावं लागलं. आणि रफ सी असला की बोट सुटत नाही हे मालवणच्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही, त्यामुळे सगळं डोकं भाषेतच लागतं.

पॅसिव्हचं तर मला फारच आवडलं. सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा उतारा होता, कुरटे बेटावर १६६४ ला बांधायला घेतला, १६६७ ला पुरा झाला, पायात शिसं ओतलं वगैरे. मॅडमनी आधी विचारलं, शिसं कोणी ओतलं? नावं कोणाला माहीत नाहीत ना, आणि आपल्याला सांगायचंय ते किल्ल्याबद्दल, मग ‘लेड वॉज पोअर्ड’ म्हणायचं. पण महाराजांनी जागा निवडली हे सांगताना महाराजच महत्त्वाचे, तिथे ॲक्टिव्हच पाहिजे. मी पण मराठी मिडीयमचीच, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं), आणि अख्ख्या शाळेत पॅसिव्ह कशाला वापरतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, फक्त फिरवायचं कसं ते शिकवलं होतं!

शब्दांचं पण तसंच. शब्द आणि अर्थ अशा दोन रांगा करून पाठ करायचं बंद. शब्द ज्या शब्दाबरोबर येतो त्याच्यासकट वहीत लिहायचा: हेवी रेन, स्ट्राँग विंड, रफ सी. एकच शब्द दोन-तीन ठिकाणी दाखवतात, कॅच अ बस, कॅच अ कोल्ड, आणि रापणीत जे गावतं ते टुडेज कॅच. त्याखाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य लिहायचं, पुस्तकातलं चालत नाही. आमच्या मुलीने लिहिलं, ‘माय ग्रँडफादर सेज द कॅच हॅज बीन पुअर सिन्स गणपती.’ आजोबा शेजारीच बसले होते, त्यांनी विचारलं, ‘काय लिवलंस गो माझ्याबद्दल?’ मग तिने त्यांना मालवणीत सगळं सांगितलं आणि ते म्हणाले, ‘बरोबर लिवलंस, बांगडो खंय गावता आता.’ सिन्स आणि फॉरचा घोळ आपल्याकडे सगळ्यांचाच असतो, आपण मराठीतून विचार करतो आणि ‘फ्रॉम टू इयर्स’ म्हणून मोकळे होतो, तो तिचा त्या शीटपासून बऱ्यापैकी सुटला. त्याच शीटवर जून-जुलैची मासेमारी बंदी होती, फॉर टू मंथ्स, अंटिल थर्टी-फर्स्ट जुलै असं.

वही तपासताना मॅडम चूक दुरुस्त करून देत नाहीत, नुसती खाली रेघ मारतात, दुरुस्त पोराने करायचं आणि परत दाखवायचं. सुरुवातीला मला वाटलं ह्या आपलं काम वाचवतायत, पण दोनदा बघितल्याशिवाय पास करत नाहीत म्हणजे त्यांचं काम उलट डबल होतं. आणि तीच ग्रामर दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या विषयात पुन्हा येते, न सांगता, तेव्हा कोणाचं पक्कं झालंय ते लगेच दिसतं. पालकांच्या मीटिंगला त्यांनी सांगितलं की उताऱ्यातले शब्द काढून भरायला देण्याच्या ह्या पद्धतीला क्लोझ म्हणतात, विल्सन टेलर नावाच्या माणसाने १९५३ साली ती मजकूर वाचायला किती सोपा की कठीण हे मोजण्यासाठी काढली. आजूबाजूचं समजल्याशिवाय जागा भरताच येत नाही, म्हणून शिकवायला पण ती चालते.

आता जे पटलं नाही ते. बोलण्याची प्रॅक्टिस फार कमी. बोर्डाचा लेखी पेपर ८० चा आणि बाकी २० शाळेकडे, तोंडी वगैरे, त्या २० साठी इथे खास काही होत नाही, आणि लिसनिंग तर नाहीच. एवढे छान उतारे आहेत तर दोघा-दोघांना पाहुणा आणि बोटवाला करून बोलायला लावलं तर काय बिघडतं, मी दोन वेळा सुचवलं, बघू म्हणाल्या. झेरॉक्स कधी कधी एवढी फिकी असते की पोरं मोबाईलच्या टॉर्चने वाचतात. नववी-दहावी एकत्र बसवतात त्यामुळे नववीच्या पोरांची धावपळ होते. फी महिना ७०० आणि तीन महिन्यांची एकदम भरायची, ज्यांचा धंदा पावसाळ्यात बंद असतो त्यांना जूनमध्ये एकदम २१०० काढणं सोपं नाही, हे मॅडमनी खरंच मनावर घ्यावं. देवबाग-तारकर्लीकडच्या पोरांनी परतीच्या एसटीची वेळ आधी बघून घ्या, क्लास सुटायला उशीर होतो.

आठवड्यात मार्क वाढवून पाहिजेत अशी घाई असेल तर इथे घालू नका, पहिल्या दोन महिन्यांत आमच्या मुलीचे टेस्टचे मार्क उलट थोडे उतरले होते कारण पाठ केलेलं लिहायची सवय मोडत होती. दिवाळीनंतर पत्रलेखन आणि उताऱ्यावरचे प्रश्न दोन्ही सुधारले, आणि आता आलेल्या पाहुण्यांना बोटीची वेळ, तिकीट, ओहोटी कधी, सगळं तीच सांगते, मला बोलवत नाही. बोलताना अजून चुकते, पण थांबत नाही. जायचं ठरलंच तर मेच्या शेवटच्या आठवड्यात पोराला बरोबर घेऊन जा, मॅडम एक शीट तिथेच सोडवायला देतात आणि त्यावरून घ्यायचं की नाही ते सांगतात.